पाण्यासाठी चांदी झिजवणारा रसायनशास्त्रज्ञ : टी. प्रदीप, आणि आपल्या खान्देशातली मुलं

तापीकाठ

गेल्या आठवड्यात एमएस्सी पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला आम्ही सोनं लाल केलं. त्यावरून वर्गात एक प्रश्न निघाला आणि तो माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा काढते आहे. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते.

आधी प्रयोग सांगते. क्लोरोऑरिक आम्लाचं, म्हणजे आम्लात विरघळलेल्या सोन्याचं, पातळ द्रावण वीस मिली घ्यायचं. रंग अगदी फिकट पिवळा, पाण्यात लिंबाचे दोन थेंब पडल्यासारखा. हॉटप्लेटवर उकळी फुटली की त्यात ट्रायसोडियम सायट्रेटचं दोन मिली द्रावण ओतायचं. आधी काहीच होत नाही. मुलं एकमेकांकडे बघायला लागतात. मग पिवळेपणा उडतो, पाणी काळपट-जांभळं होतं, आणि दहाएक मिनिटांत फ्लास्कमध्ये डाळिंबाचा रस भरल्यासारखं लाल दिसू लागतं. हे सोन्याचे कण, साधारण १० ते २० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). ही पद्धत तुर्केविच आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये दिली आणि अजून जगभर तशीच वापरतात.

वर्गातल्या एका मुलीचे वडील जळगावच्या सराफ बाजारात कारागीर आहेत. तिने विचारलं, "मॅडम, यात सोनं किती?" हिशेब केला तर चार मिलिग्रॅमही भरेना. ती म्हणाली, "एवढं तर बाबांच्या पायपुसण्यात जातं." आणि मग लगेच, "पण मॅडम, यात पुढे काय आहे? हे शिकून कोणी कुठवर गेलंय?"

त्या दिवशी मी तिला टी. प्रदीप यांच्याबद्दल सांगितलं. इथे जरा सविस्तर लिहिते.

थलप्पिल प्रदीप यांचा जन्म १९६३ चा, केरळातल्या पंतावूरचा. आईवडील दोघंही शाळामास्तर, वडील लेखकही. दहावीपर्यंतचं सगळं शिक्षण सरकारी शाळेत आणि मल्याळममधून. बहुतेक दिवशी चार किलोमीटर चालत जायचं, चार किलोमीटर चालत यायचं. पुढे पोन्नानी, त्रिशूर, कोझिकोड इथली कॉलेजं. आपल्याकडे अमळनेर, फैजपूर, शहादा म्हणावं तशी. तिथून ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पोहोचले आणि सी. एन. आर. राव व एम. एस. हेगडे यांच्याकडे १९९१ मध्ये पीएचडी झाली. मग काही काळ अमेरिकेत बर्कली आणि पर्ड्यू इथे संशोधन केलं. १९९३ मध्ये आयआयटी मद्रासला रुजू झाले. तेव्हापासून तिथेच आहेत.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते २००३ च्या आसपासचं काम. त्यांच्या गटाला दिसलं की कार्बन टेट्राक्लोराइडसारखं हट्टी संयुग चांदीच्या नॅनोकणांसमोर टिकत नाही. चांदी त्यातलं क्लोरीन ओढून घेते, सिल्व्हर क्लोराइड होतं आणि मागे नुसता कार्बन उरतो. साधी चांदीची तार हे इतक्या सहज करत नाही. कण बारीक झाले की पृष्ठभाग प्रचंड वाढतो. एक घन सेंटिमीटरचा चांदीचा ठोकळा घ्या, त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. तोच ठोकळा दहा नॅनोमीटरच्या तुकड्यांत कापला, तर सगळा मिळून सहाशे चौरस मीटर होतो. आपल्या भाषेत जवळपास सहा गुंठे. बोटाच्या पेरावर मावणाऱ्या चांदीतून सहा गुंठे रान!

त्याच वर्षी बाटलीबंद पाण्यात आणि शीतपेयांत कीटकनाशकं सापडल्याचा वाद देशभर गाजत होता. प्रदीप यांच्या गटाने हीच समज एंडोसल्फान, क्लोरपायरिफॉस, मॅलॅथिऑन यांच्याकडे वळवली आणि २००७ मध्ये त्यावर आधारलेला घरगुती फिल्टर बाजारात आला. ही नावं मी मुद्दाम लिहिली. कपाशीच्या गावात वाढलेल्या कुणालाही ती पाठ असतात. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी २०११ मध्ये आली. तोवर आमच्या घरी पडवीत ते डबे रांगेने असायचे आणि रिकामे झाल्यावर धुऊन वापरले जायचे.

त्यानंतर पाण्यातल्या विषारी आर्सेनिकवरचं काम. लोहाचे ऑक्सिहायड्रॉक्साइड कण आणि कायटोसान, म्हणजे कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणारं बहुवारिक, यांचं मिश्रण साध्या तापमानाला पाण्यातच तयार करायचं. 'अमृत' नावाने हे तंत्र आर्सेनिकग्रस्त गावांत पोहोचलं. २००८ ला विज्ञानातला भटनागर पुरस्कार, २०२० ला पद्मश्री. पुरस्कार आणखीही आहेत, पण तिथे थांबायला नको.

एक मात्र सांगायचंच. त्यांनी नॅनोतंत्रज्ञानावर मल्याळममध्ये पुस्तक लिहिलं आणि त्याला केरळ साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या भाषेत शाळा शिकले, त्या भाषेत परत येऊन त्यांनी हे सांगितलं. मराठी माध्यमातून आल्यामुळे मागची बेंच धरून बसणारी मुलं मी रोज बघते. त्यांना हे कळावं म्हणून लिहिलं.

यावलकर_आप्पा

मॅडम, भलतं भारी लिखेल शे. धाकटीला वाचून दाखवलं. ती बीएस्सी तिसऱ्या वर्षाला आहे, रसायनशास्त्र घेऊन. घरात दोन मतं आहेत. तिचे काका म्हणतात बीएड करू द्या, नोकरी नाही तर निदान शिकवण्या तरी चालतील. तिला पुढे शिकायचंय. केळीचा भाव यंदा बरा मिळाला म्हणून मी हो म्हणतोय, पण वाट कशी असते ते आम्हाला माहीत नाही. पीएचडीला किती पैसा लागतो?

तापीकाठ

आप्पा, फेलोशिप मिळाली तर पीएचडीला उलट पैसा मिळतो. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये फेलोशिप आहे, घरभाडं वेगळं. हे काकांना जरूर सांगा. मी पाहिलंय, हा आकडा ऐकला की घरातला अर्धा विरोध मावळतो.

आत्ता तिच्यासमोर लगेचची पायरी म्हणजे जॅम. आयआयटीत किंवा बंगळुरूला एमएस्सी, किंवा एमएस्सी-पीएचडी एकत्र करायचं असेल तर ही परीक्षा. पेपर इंग्रजीत असतो, पण प्रश्न समजुतीचे असतात, भाषेचे नाही. आपल्या विद्यापीठातून, जळगावलाच, एमएस्सी करून नंतर नेट-गेट देणारेही आहेत आणि चांगले जातात. दुसरं म्हणजे देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करायला मिळतं. अर्ज हिवाळ्याच्या तोंडाशी असतात. तिला पहिल्यांदा तेच भरायला लावा. दोन महिन्यांत तिला स्वतःलाच कळेल की हे काम आवडतं की नाही.

पांझराकाठ

धाग्याबद्दल आभार, पण माझं मत वेगळं आहे आणि मनापासून लिहितोय, राग मानू नका.

मी पाच वर्षं नॅनोकणांवर पीएचडी करतोय. माझे झिंक ऑक्साइडचे नमुने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला पाठवले होते. कुठे ते लिहीत नाही. आधी मशीन बंद, मग ऑपरेटर रजेवर, मग पैसे भरल्याची पावती हरवली. आठ महिने गेले. नमुने परत आले तेव्हा कण एकमेकांना चिकटून गोळा झाले होते. तपासलेच नव्हते. पुन्हा पहिल्यापासून बनवले. वडिलांना फोनवर काय सांगायचं हे सुचत नसे.

चार किलोमीटर चालण्याची गोष्ट ऐकायला छान वाटते. पण प्रदीप सरांना रावांसारखे गुरू मिळाले, बंगळुरू मिळालं, बर्कली मिळालं. चालण्याने पाय मजबूत होतात ताई, मायक्रोस्कोप मिळत नाही. मुलांना अर्धीच गोष्ट सांगू नका.

तापीकाठ

राग कसला, बरोबर बोललात. माझ्या लिहिण्यात ती बाजू राहिली होती. गुरू आणि प्रयोगशाळा नसती तर पंतावूरचा मुलगा पंतावूरलाच राहिला असता. म्हणूनच तर जॅम आणि फेलोशिपबद्दल लिहिलं. चालायचं ते अशा जागी पोहोचण्यासाठी.

पण एक गोष्ट माझ्या अनुभवाची सांगते. मायक्रोस्कोप येईपर्यंत हात बांधून बसू नका. सोन्याच्या लाल द्रावणाचं यूव्ही-व्हिजिबल, म्हणजे कुठला उजेड किती शोषला जातो त्याचा आलेख, काढलं की ५२० नॅनोमीटरच्या आसपास शिखर मिळतं. कण मोठे झाले, चिकटले की ते शिखर उजवीकडे सरकतं आणि पसरतं. तेवढ्यावरून बॅच चांगली की वाईट हे त्याच दिवशी कळतं. वाईट बॅच मायक्रोस्कोपला पाठवायचीच नाही. आयआयटी मुंबईच्या सॅफमध्ये, म्हणजे तिथल्या उपकरण केंद्रात, बाहेरचे नमुने शुल्क घेऊन तपासतात. तिथे रांग असते, पण नंबर लागतो. तुमच्या झिंक ऑक्साइडलाही यूव्हीत ओळखता येतं. तुम्हाला हे माहीत असणारच, पण खाली वाचणाऱ्या मुलांसाठी लिहिलं.

पांझराकाठ

माहीत आहे ताई. तरी बरं वाटलं. सध्या तेच करतोय.

जुना_कारागीर

मी चाळीस वर्षं सोन्यात काढली. शिकलो सातवीपर्यंत. नातवाने हा धागा वाचून दाखवला, तोच टाइप करतोय.

सोनं शुद्ध करायचं तेव्हा आम्ही दोन तेजाबं एकत्र करून त्यात विरघळवतो. पाणी पिवळं होतं, मॅडमनी लिहिलंय तसंच. मग त्यात हिराकस टाकला की तळाला तपकिरी चिखल बसतो. नवीन पोराला वाटतं माती आहे, फेकून द्यावी. ती माती धुऊन, वाळवून मुशीत आटवली की पिवळंधमक सोनं. म्हणजे सोनं तपकिरी होतं हे आम्हाला ठाऊक होतं, लाल होतं हे पहिल्यांदा ऐकलं. तुमचं लाल आणि आमचं तपकिरी यात फरक काय? आणि दुकानाचा केर झारेकरी घेऊन जातो, त्याला हे लाल पाणी दिलं तर सोनं निघेल का?

तापीकाठ

काका, या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा. रासायनिक क्रिया दोन्हीकडे एकच आहे. विरघळलेल्या सोन्याला इलेक्ट्रॉन द्यायचा की ते पुन्हा धातू होतं. तुमच्याकडे ते काम हिराकस करतो, आमच्याकडे सायट्रेट. पण हिराकसने सुटलेल्या सोन्याच्या कणांना अडवणारं कुणी नसतं. ते एकमेकांना भेटत जातात, मोठे होतात आणि तळाला बसतात. सायट्रेट मात्र सोनं मोकळं करतं आणि प्रत्येक कणाभोवती ऋणभाराचं पांघरूणही घालतं. सारखे भार एकमेकांना लांब ढकलतात, म्हणून कण लहानच राहतात आणि महिनोनमहिने पाण्यात तरंगतात.

ते पांघरूण काढायला चिमूटभर मीठ पुरतं. लाल पाण्यात मिठाचं पाणी टाकलं की डोळ्यांदेखत निळं होतं आणि थोड्या वेळाने काळसर गाळ खाली बसतो. तो तुमच्या झारेकऱ्याला दिला तर सोनं नक्की निघेल. चार मिलिग्रॅम!

तेजाबाच्या धुराचं मात्र नातवाला सांगा. आम्ही ते काम फक्त धूर ओढून घेणाऱ्या कपाटात करतो.

केळीबाग_रावेर

नॅनो म्हटलं की आमच्याकडे एकच गोष्ट आठवते, नॅनो युरियाची बाटली. दुकानात सांगतात की अर्धा लिटरची बाटली म्हणजे ४५ किलोची गोणी. २०२१ पासून ऐकतोय. ताई, तुम्ही रसायनाच्या माणूस आहात. खरं काय ते सांगा.

तापीकाठ

भाऊ, मी शेतीशास्त्रातली नाही, पण हिशेब सगळ्यांना करता येतो. पहिल्या नॅनो युरियात नत्र ४ टक्के होतं. अर्ध्या लिटरमध्ये साधारण २० ग्रॅम. गोणीत ४६ टक्के, म्हणजे ४५ किलोत वीस किलोच्या वर. हजारपटीचा फरक. आता केळीला प्रति झाड २०० ग्रॅम नत्राची शिफारस आहे. म्हणजे अख्ख्या बाटलीतलं नत्र एका झाडाच्या गरजेचा दहावा हिस्सा. झाड प्रथिनं बनवतं ती नत्राच्या अणूंपासून. कण कितीही बारीक केले तरी अणूंची संख्या वाढत नाही.

पानावर फवारलेलं नत्र जमिनीतल्यापेक्षा कमी वाया जातं हे खरं आहे. पण हजारपट भरपाई त्यातून होईल असं मला पटत नाही. तुमच्याच बागेत दोन ओळी नेहमीच्या डोसवर ठेवा, दोन ओळी बाटलीवर, आणि घड तोलून बघा. कुणाचंही ऐकू नका, माझंही नाही.

आणि म्हणूनच मला प्रदीप यांच्या कामाचा आदर आहे. किती आर्सेनिक आत गेलं, किती बाहेर आलं, हे मोजून मांडलेलं असतं. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. फिल्टरमधून चांदी झिरपते का, तर झिरपते, तीही मोजायची. लिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या खाली हवी. आकडा सांगितला की बाटलीवर काय छापलंय याला महत्त्व उरत नाही.

केळीबाग_रावेर

पटलं. मृगबागेत चार ओळी करतो.

शहादा_ते_बंगळुरू

मी शहाद्याचा, इथे डिस्प्लेच्या कामात आहे. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल क्वांटम डॉट्सना, म्हणजे अर्धवाहकांच्या नॅनोकणांवरच्या कामाला, मिळालं. एकिमोव्ह, ब्रूस आणि बावेंडी. एकाच पदार्थाचा कण लहान केला की निळा, मोठा केला की लाल उजेड. बावेंडी यांच्या गटाने १९९३ मध्ये सारख्या मापाचे कण बनवायची रीत काढली आणि तिथून टीव्हीच्या पडद्यापर्यंत वाट झाली.

सांगायचं ते वेगळंच. हे बावेंडी हार्वर्डला गेले तेव्हा रसायनशास्त्राच्या पहिल्याच परीक्षेत त्यांना शंभरपैकी वीस मार्क पडले होते. नोबेल मिळाल्यावर त्यांनीच सांगितलं. पहिल्या सेमिस्टरला मी नापास झालो होतो, तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर फार आधार वाटला असता. यावलच्या आप्पांच्या मुलीसाठी लिहून ठेवतो.

आणि आपल्या जवळचं नाव म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तेव्हा असलेले मुरली शास्त्री. त्यांच्या गटाने गवती चहाच्या अर्कात सोन्याचे त्रिकोणी कण वाढवले. २००४ चं काम, 'नेचर मटेरियल्स'मध्ये आलेलं. परसातला गवती चहा!

यावलकर_आप्पा

नमस्कार मॅडम. मी आप्पांची मुलगी, त्यांच्याच खात्यावरून लिहिते.

गवती चहाचं वाचून मी केळीच्या सालीवर करून बघितलं. साल आमच्याकडे हवी तेवढी. साल उकळली, फडक्याने गाळून घेतली. कॉलेजमधल्या सरांनी सिल्व्हर नायट्रेट दिलं, हातमोजे घालायला लावले. पिवळट-तपकिरी रंग यायला हवा असं वाचलं होतं. पण ओतल्या ओतल्या सगळं दुधासारखं पांढरं झालं आणि खिडकीत ठेवलं तर संध्याकाळपर्यंत जांभळट-काळं. काय चुकलं? सिल्व्हर नायट्रेट महाग असतं, वाया घालवलं असं वाटतंय.

तापीकाठ

वाया काही गेलं नाही. आधी सांग, पाणी कुठलं वापरलंस?

यावलकर_आप्पा

साल उकळायला घरच्या बोअरचं. सिल्व्हर नायट्रेट सरांनी डिस्टिल्डमध्येच दिलं होतं.

तापीकाठ

सापडलं मग. बोअरच्या पाण्यातल्या क्लोराइडने चांदीला कण होऊच दिलं नाही, पकडून सिल्व्हर क्लोराइड केलं. पांढरं दिसलं ते हेच. उन्हात काळं पडलं, कारण उजेडाने त्यातली थोडी चांदी पुन्हा सुटी होते. जुने फोटो याच गुणावर निघायचे.

आता वर मी लिहिलेला २००३ चा भाग परत वाच. चांदीला क्लोरीनची जी ओढ आहे, तिच्यामुळे तुझा प्रयोग बसला नाही. तिच्याच जोरावर तिथे कार्बन टेट्राक्लोराइड मोडलं. सालीतही थोडं क्लोराइड असतं, त्यामुळे अर्क अगदी थोडा घाल आणि साल उकळण्यापासून भांडी धुण्यापर्यंत सगळं डिस्टिल्डमध्ये कर.

यावलकर_आप्पा

मॅडम, म्हणजे किती पांढरं झालं यावरून बोअरला क्लोराइड किती ते सांगता येईल का? आमच्या गल्लीत तीन बोअर आहेत आणि एक जुनी विहीर. विहिरीचं पाणी गोड आहे असं सगळे म्हणतात.

तापीकाठ

येईल, आणि त्याची रीत तुझ्या कॉलेजात आहेच. मोर टायट्रेशन. पोटॅशियम क्रोमेट सूचक घाल, ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोड, विटकरी झाक टिकली की थांब. सरांना विचारून शनिवारी कर.

जुना_कारागीर

आजोबा म्हणतात, पोरी, चांदीचं उरलेलं पाणी मोरीत ओतू नकोस. एका बरणीत साठव.

तापीकाठ

काका अगदी बरोबर. काळी बरणी घे, वर चिठ्ठी लाव.

यावलकर_आप्पा

चारही ठिकाणचं पाणी आणलं. बाटल्या त्याच पाण्याने दोनदा विसळून घेतल्या, जागा आणि तारीख लिहिली. बरणी आईने लोणच्याची दिली, काळा कागद गुंडाळलाय. ब्युरेटचं वाचन प्रत्येकाचं दोनदा घेऊ की तीनदा?

तापीकाठ

तीनदा. आणि नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचं एक वाचन सगळ्यात आधी घे.